लिंबाखालचा उतार

रेणापूरजवळ आम्ही घर बांधलं ते टेकडीच्या पायथ्याला. मागचं दार उघडलं की लगेच चढ. नुसता मुरूम, तरवडाची झुडपं आणि वर एक मोठं कडुलिंबाचं झाड.

बायको हदगावची, काळ्या रानात वाढलेली. पहिल्याच उन्हाळ्यात, ऐन वैशाखात, तिनं तिथं बाग करायचं मनावर घेतलं. माझे वडील, दादा, दारातूनच म्हणाले, "अगं, पाऊस तर पडू दे. आत्ता ह्या मुरमात काय येनार हाय?"

"झाडं मागून लावू की मामा. सावली कुठं टिकती ते आत्ताच बघून राहिले मी."

दुपारी ती बंबातली राख घेऊन वर जायची आणि लिंबाच्या सावलीच्या कडेनं रेघ ओढायची. सावली सरकली की दुसरी रेघ. अशानं भर दुपारीही ऊन न लागणारी जागा तिला नेमकी सापडली. मग टिकाव घेऊन तिनं उतारावर रुंद पायऱ्या पाडल्या. प्रत्येक पायरीला दगडांची ताल, म्हणजे माती अडवणारा बांध, घातली. मी सुट्टीच्या दिवशी दगड वाहायचो आणि लवकर दमायचो. ती दमली तरी बोलायची नाही, पदरानं तोंड पुसून पुन्हा वाकायची.

तलावातला गाळ आणून पायऱ्यांवर पसरला. तो नीट बसावा म्हणून तिनं वर पाइप लावून पाणी सोडलं, आणि बघता बघता सगळ्यात वरची ताल फुगून कोसळली. दगड, गाळ, पाणी सगळं मागच्या दारापर्यंत आलं. चिखलात उभ्या असलेल्या तिच्याकडं बघून मला भरून आलं.

"जाऊ दे आता," मी म्हणालो, "कुंड्या आणू."

"कुंड्या कशाला? मी ताल सरळ उभी केली, पाण्याला वाट ठेवलीच न्हाई. तिथं चुकलं." आवाजात रड नव्हती. ती पडलेले दगड निरखत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं काम धरलं. या खेपेला दगड टेकडीकडं कलते बसवले, मागं बारीक खडी भरली. थोड्या वेळानं बघतो तर दादा काठी बाजूला ठेवून पायरीवर बसलेले, तिला खडी देत होते. "हितं अजून घाल," म्हणत होते. ती ताल पुन्हा हलली नाही.

पावसाळ्यात तिनं हळद, अळू, कर्दळ आणि गवती चहा लावला. पालापाचोळा पसरून मुळं गार ठेवली. पुढच्या उन्हाळ्यात घराची भिंत हात लावू देत नव्हती, पण लिंबाखाली अळूची पानं सुपाएवढी झाली होती. आता गल्लीतल्या बायका दुपारी डाळ निवडायला तिथंच येतात. कुणी बागेचं कौतुक केलं की ती म्हणते, "सगळ्यांनीच केलं." पण ते खरं नाही, हे दादांनाही ठाऊक आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला मागच्या दारी नेऊन ते म्हणतात, "आमच्या सुनेनं केलंय हे. लई जिद्दीची हाय."