ओला टॉवेल

कोप्पीकर रोडवरच्या एका तपासणी केंद्रात तो हृदयातल्या विजेचा नकाशा काढतो. छाती-पाठीवर तारा चिकटवायच्या आणि ठोके पुढे दगा देतील का, ते यंत्रावर बघायचं. चार वर्षं मी त्याच्याकडे जातोय, पण नाव विचारलेलं नाही. "सुम्म पडा अण्णा, हलू नका," एवढंच त्याचं बोलणं. काय दिसलं विचारलं, की "डॉक्टर सांगतील." मग कापसाचा बोळा अंगावर टाकून म्हणणार, "पुसून घ्या."

माझ्या धाकट्या भावाची छाती मात्र त्यानं ओल्या टॉवेलनं स्वतः पुसली, शर्टाची बटणंही लावली. "माणूस सुधारला की रे," मी भावाला म्हटलं. डॉक्टरांची तारीख पंधरा दिवसांनी होती. त्याआधीच भाऊ दाजीबानपेठेतल्या आमच्या दुकानात कोसळला आणि गेला. या माणसानं तेव्हा तोंड उघडलं असतं, तर त्याच दिवशी भावाला दवाखान्यात भरती केलं असतं. त्याची माया बटणांपुरतीच.

परवा माझी तपासणी झाली. मी बोळ्यासाठी हात पुढे केला. टॉवेल भिजवून तो आला.

"मी पुसतो की," मी म्हणालो.

"राहू द्या, अण्णा," म्हणत त्यानं माझी छाती पुसली आणि शर्टाचं पहिलं बटण लावायला घेतलं.