थोरलीची दृष्ट

धाकट्या जावेच्या मांडीच्या हाडात कॅन्सरची गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन करून तिला पोखर्णीजवळच्या आमच्या गावी आणलं, आणि घरात जशी राणीच उतरली. सासूबाई तिला हातानं शिरा भरवायच्या, दीर उशाशी बसून वारा घालायचे. माझ्या बाळंतपणात मला कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा दिला नव्हता. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दवाखान्यात तिच्यापाशी मीच राहिले होते. निघताना डॉक्टरांनी मला बजावलं, ही नुसती पडून राहिली तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होईल, आणि ती छातीत गेली तर माणूस हाती लागत नाही. घोटे हलवायचे, पट्टी नीट बांधायची, वॉकर धरून रोज चालवायचं. घरी येऊन हे सांगितलं तर सासूबाई कडाडल्या, "कापल्या पायानं चालीव म्हनतीस? तिचं सुख बघवंना व्हय तुला?"

बघवत नव्हतंच, खोटं कशाला बोलू? पण डॉक्टरही खोटं बोलत नव्हते. त्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून सारखे बंद, एसटीचा भरवसा नाही. काही झालं तर परभणीला न्यायचं कसं?

सासूबाई देवळाकडे वळल्या की मी वॉकर तिच्यापुढं आदळायची. "ऊठ. लय झालं लोळनं!" ती रडायची, मला शिव्या द्यायची, पण उठायची. चालून आली की मी तिची पोटरी सुजली नाही ना ते बघायची. पट्टी बांधताना मनात यायचं, हिच्या पायाला माझा हात आहे, माझ्या पायाला कुणाचा?

एक दिवस ती वॉकर घेऊन एकटी ओसरीपर्यंत आली. शेजारणी गोळा झाल्या. सगळं श्रेय शिऱ्याला! सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या-मिरच्या मुठीत घेतल्या आणि तिची दृष्ट काढू लागल्या. "दारच्यांची, घरच्यांची..." म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली.

धाकटीनं माझ्याकडे बघत त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या, आत्याबाई. अक्काची दृष्ट लागली आसंल तर ती काढू नका. तिच्यावरच चालायलेय मी."

सासूबाईंची मूठ तशीच थांबली. मला रडू फुटलं, आणि रागही आला. एवढं चांगलं बोलणंसुद्धा तिलाच सुचावं!