केळुसकरचा शेऱ्याचा रकाना

केळुसकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत एका चिनी दुकानदाराला माझी ससाण्याची गोष्ट सांगत होतो. बायको म्हणाली, "केळुसकर भावजी गेले... ऑफिसात, चहा घेता घेता." आणि ती अशी रडायला लागली की माझ्या मनात पहिला विचार आला, मी गेल्यावर ही इतकी रडेल का? मित्र गेल्याच्या पहिल्याच मिनिटाला मला त्याचा हेवा वाटला. पुढचं वाचायचं की नाही, ते इथंच ठरवा.

केळुसकर क्वांटिटी सर्व्हेयर. इमारतीत सिमेंट किती, फरशी किती, हे मोजणं त्याचं काम. दुबईतले अर्धे टॉवर त्याच्या टेपशिवाय उभेच राहिले नसते, असं मी सांगायचो. तो लगेच दुरुस्ती करायचा, "सात." शारजात अल मजाजला आमचे फ्लॅट समोरासमोर होते. तो तिथं राहायला यायच्या आधी मजल्यावरची सगळी मराठी मंडळी संध्याकाळी माझ्याकडे जमायची. शेखसाहेबांचा ससाणा माझ्या खांद्यावर अख्खी दुपार बसला होता, ही गोष्ट तर लोक पाहुण्यांना घेऊन ऐकायला यायचे. केळुसकरनं ती पहिल्यांदा ऐकली आणि अगदी साळसूदपणे विचारलं, "दिघे, अख्खी दुपार म्हणजे साधारण किती मिनिटं?" लोक इतके हसले की ससाणा त्या दिवशी जो उडाला तो आमच्या मजल्यावर पुन्हा काही खांद्यावर बसला नाही.

मग निवडणुका आल्या. भारतातले नऊ म्हणजे आमचे साडेसात. नेत्यांची समोरासमोर चर्चा टीव्हीवर लागली की आम्ही सगळे केळुसकरच्या हॉलमध्ये. आम्ही ओरडायचो, आणि तो मांडीवर पॅड घेऊन, हातात स्टॉपवॉच धरून गप्प बसायचा. कागदावर रकाने आखलेले. कुठला नेता किती बोलला, निवेदकानं कुणाला किती वेळा तोडलं, कॅमेरा कुणावर थांबला, कोण बोलत असताना रिकाम्या खुर्च्या दाखवल्या. एकाला विचारायचे, ही दूरदृष्टी तुमच्यात आली कुठून? दुसऱ्याला, तुम्हाला लाज कशी वाटत नाही? दुसऱ्या दिवशी त्याच चर्चेत एका वाहिनीवर एक जिंकलेला, दुसरीवर दुसरा. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो भरून झाला की केळुसकर चष्मा काढायचा, आणि मघापासून एकमेकांच्या पक्षाचे बाप काढणारी माणसं शाळेत निकाल ऐकावा तशी चिडीचूप. माझी बायकोसुद्धा मला म्हणायची, "अहो, थांबा जरा, भावजी काय म्हणतायत बघू." लग्नाला वीस वर्षं झाली, माझ्यासाठी तिनं कुणाला असं थांबवलेलं आठवत नाही.

तीन वर्षांपूर्वी केळुसकर आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभा राहिला. त्याला एकच गोष्ट करायची होती, शनिवारची मराठी शाळा. आपण मराठीत हाक मारावी आणि पोरांनी इंग्रजीत ओ द्यावी, हे त्याच्या जिव्हारी लागायचं. समोर परांजपे, नाटकं आणि सहली करणारा उमदा गडी. टीव्हीसारखी आपणही दोघांची चर्चा ठेवू, असं ठरलं. सूत्रसंचालक मी, आणि मंडळाच्या वार्तापत्रात वृत्तांत लिहिणाराही मीच.

आता सांगतो. टीव्हीवरच्या त्या निवेदकांना मी शिव्या घालायचो ना, त्यांनी माझ्याकडे शिकवणी लावावी असा मी त्या दिवशी वागलो. परांजपेला विचारलं, इतका उत्साह आणता कुठून? केळुसकरला विचारलं, शाळा चालली नाही तर जबाबदार कोण? तो शाळेवर बोलायला लागला की मी घंटी वाजवायचो. मध्येच माझं लक्ष गेलं, तर टेबलाखाली त्याचा अंगठा बोटांच्या पेरांवरून हलत होता. तो मला मोजत होता. तरी माझी घंटी थांबली नाही. वृत्तांतात परांजपेचा हात उंचावलेला फोटो, आणि केळुसकरचा पाणी पिताना डोळे मिटलेला. शाळेला एक ओळ, तीही "इत्यादी"च्या अलीकडे.

केळुसकर थोडक्या मतांनी पडला. शाळा झाली नाही. पुढची तीन वर्षं मी धास्तीत काढली. माझ्या घंटीचा हिशेब त्यानं कागदावर उतरवलेला असणार, आणि एखाद्या संध्याकाळी भरल्या हॉलमध्ये तो चष्मा काढून वाचून दाखवणार. त्यानं कधी विषय काढला नाही. मला वाटायचं, बेरकी आहे, वेळ बघतोय...

शोकसभेत त्याची मुलगी बोलायला उभी राहिली. "बाबा वॉज अ व्हेरी फेअर मॅन," एवढं बोलली, आणि मग मराठी शब्द शोधत उभी राहिली. ते सापडेनात. मी खाली बघत होतो.

महिन्याभरानं केळुसकरवहिनींनी बोलावलं. म्हणाल्या, त्यांच्या या फायली तुम्हीच न्या. मी तिथंच पानं उलटली, आणि ते पान निघालं. परांजपेला तोडलं, एकदा. केळुसकरला, अकरा वेळा. बिनचूक. आणि शेऱ्याच्या रकान्यात त्याच्या बारीक अक्षरात, "मोजणारा स्वतः उमेदवार. नोंद ग्राह्य नाही." पानभर तिरकी रेघ.

मी म्हटलं, "वहिनी, हे मी मंडळाच्या ग्रुपवर टाकतो."

"भावजी, त्यांनी खोडलंय ते."

"मी उमेदवार नव्हतो, वहिनी. मी ग्राह्य धरतो."

घरी येऊन पानाचा फोटो टाकला. खाली लिहिलं की घंटी माझी, प्रश्न माझे, फोटोही मीच निवडलेला, आणि शाळा माझ्यामुळे बुडाली. मग पाय पोटाशी घेऊन शिव्यांची वाट बघत बसलो. पहिला निरोप आला, "काय माणूस होता केळुसकर." दुसरा आला, "खरंच, असा माणूस होणे नाही." मग हात जोडलेले, मग फुलं. कबुली माझी, आणि हार त्याला... मी एकेक मोजत गेलो. छत्तीस त्याच्याबद्दल. माझ्याबद्दल एक, परांजपेचा. शनिवारी हॉल मोकळा असतो, त्यानं लिहिलं होतं, शिकवायला तू येणार का?