शेपटीवर बसलेली माणसं

देवरुखजवळ पाणी मागायला मी एका घरी थांबले, तर अंगणात विमान! जहाजावरून निवृत्त झालेले एक फिटर ते स्वतः बांधत होते. मागच्या सीटवरून बायकोला समुद्र दिसावा म्हणून त्यांनी धडाला खिडकी कापली होती आणि भोवती जाड पत्र्याची चौकट ठोकली होती.

"भोक पाडायला दहा मिनिटं लागली हो," ते चौकटीवरून हात फिरवत म्हणाले. "धडाची गेलेली ताकद परत आणायला तीन महिने. बघू आता वाकतं का, बसा शेपटीवर!"

विमानाचं नाक चिऱ्यांनी दाबलेलं होतं, शेपटी अधांतरी. मी बसले, त्यांची बायको, म्हणजे काकू, बसल्या, शेजारचे दोघेही चढले. फिटरनी एक डोळा मिटून धडालगत ताणलेल्या दोरीकडे पाहिलं. धड केसभरही वाकलं नव्हतं. ते टाळ्या पिटत विमानाभोवती धावले.

"मग आता उडवा की!" काकू ओरडल्या.

त्यांनी बोलावलं असतं, तर मीसुद्धा गेले असते.