चापाला टांगलेले वजन

काराकोलच्या आमच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या उमसुनाय सादीकोवा यांना मी तेवीस वर्षे ओळखतो. एवढ्या काळात त्यांनी कोणाचेही म्हणणे पहिल्या खेपेस मान्य केल्याचे मला आठवत नाही. शिक्षकखोलीतले घड्याळ त्या आपल्या मनगटावरल्या घड्याळाशी ताडून पाहत, आणि मग दोन्हींवर अविश्वास दाखवून फाटकावरच्या पहारेकऱ्याला वेळ विचारीत. मुले त्यांना तोंडावर ‘एजेके’ म्हणत. थोरल्या बहिणीला आणि शिकवणाऱ्या बाईंना आमच्याकडे हा एकच शब्द आहे. माघारी त्यांचे नाव ‘जकातनाका’ असे होते, आणि ते त्यांना ठाऊक होते.

शाळेच्या तळघरात त्या नेमबाजीचा वर्ग चालवीत. निवृत्तीनंतरही तो त्यांनी सोडला नाही. दहा मीटरची जागा, तीन दिवे, भिंतीला टेकवलेल्या जाड फळ्या आणि पत्र्याचे एक कपाट. कपाटात छर्‍यांचे डबे, हवेवर चालणारी दोन म्हातारी पिस्तुले, आणि फडक्यात गुंडाळलेले लोखंडी वजन. वजनावर ‘५००’ असा ठसा. स्पर्धेत पिस्तुलाची नळी छताकडे उभी धरून चापाला अर्धा किलो टांगतात. चापाने ते सुटू न देता उचलून धरले, तर पिस्तूल नियमात बसले. वजनाच्या ओढीने खटका पडला, तर चाप फाजील हलका, आणि नेमबाज बाद.

या वजनापायी एजेकेंचे पंच कापारोव यांच्याशी एकोणीस वर्षांचे वैर होते. वैर सुरू झाले त्या वर्षी त्यांची झिपार नावाची विद्यार्थिनी जिल्ह्यात पहिली आली. अखेरच्या छर्‍यानंतर चिठ्ठी काढून जी तपासणी होते, तीत झिपारचे नाव निघाले, आणि कापारोव यांनी वजन टांगताच खटका पडला. मुलगी बाद झाली. तोच चाप एजेकेंनी आदल्या दिवशी स्वतःच्या वजनावर तीनदा पारखला होता. कापारोव म्हणाले, “तुमचं वजन आणा, दोन्ही शेजारीशेजारी ठेवून बघू.” एजेके म्हणाल्या, “तुमच्या हातात देऊ? आणि बदलून परत घेऊ?” वजन त्यांनी पिशवीतून काढलेच नाही. झिपारने पुन्हा पिस्तूल हातात घेतले नाही.

तेव्हापासून एजेके मुलांचे चाप सहाशे ग्रॅमच्या पुढे ताठ ठेवीत. पोरांची बोटे आखडत आणि नेम खाली जात. कोणी कुरकुरले, तर त्या म्हणत, “हा कापारोवचा कर आहे, भरा.” दरवर्षी तपासणीच्या कागदावर सही करून तिच्याखाली त्या एक ओळ लिहीत: तपासणीबद्दल शंका आहे.

यंदा मार्चमध्ये दोन पिस्तुलांपैकी एकाची हवा राहीनाशी झाली, आणि रविवारी स्पर्धा होती. अल्तीनाय नावाच्या मुलीला पिस्तूल हवे होते, तेही शाळेला झेपेल अशा किमतीत. गुरुवारी सकाळी एजेके माझ्या दारात उभ्या राहिल्या.

“चला बाजारात.”

“मला पिस्तुलातलं काय कळतं?”

“काही नाही. म्हणूनच चला. मला साक्षीदार पाहिजे, सल्लागार नको.”

इसहार दाउरोव या दुंगान, म्हणजे चिनी वंशाच्या मुसलमान, माणसाचे दुकान लोखंडी बाजाराच्या टोकाला आहे. चहाचे पाणी उकळायचे सामोवार, कुलपे, शिवणयंत्रांचे सुटे भाग असे सगळे तो विकतो, आणि मोडीचे पितळ किलोवर विकत घेतो. त्याच्याकडे तीन पिस्तुले आली होती. आम्ही टेकतो न टेकतो, तोच त्याने वाटीत अर्धा चहा ओतून पुढे केला. आमच्याकडे पाहुण्याला अर्धी वाटी देतात, म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येते. काठोकाठ भरलेल्या वाटीचा अर्थ वेगळा: प्या आणि निघा.

पहिले पिस्तूल काळे, जड, फौजदाराच्या कमरेला शोभेल असे होते.

“हे बघा, एजेके. पोरं खूश होतील.”

“म्हणूनच नको. आत गॅसची कुपी आहे ना? माझ्या तळघरात मार्चमध्ये सहा अंश असतात. गॅस गारठला की छर्रा पायाशी पडेल. मग तू म्हणशील, पोरीला नेम येत नाही.”

“मी कशाला म्हणेन?”

“तू नाही, कापारोव म्हणेल.”

दुसरे स्प्रिंगचे होते. एजेकेंनी त्याच्या पाठीवर एक नाणे ठेवले, रिकामा चाप ओढला, आणि नाणे उडून सामोवारावर आपटले. “छर्रा नळीतून निघायच्या आत हे उडी मारतं,” त्या मला म्हणाल्या. “लिहून ठेवा.” लिहायला माझ्याजवळ काही नव्हते, तरी मी मान हलवली.

तिसरे जुने रशियन बनावटीचे होते. लाकडी मूठ कोणीतरी आपल्या हाताच्या मापाने तासलेली, आणि एका जागी सुताराची लांबी भरून फुगवलेली. नळीखालची तरफ एकदा उघडून मिटली, की दर वेळी सारखीच हवा भरते. थंडीचा त्रास नाही, उडीही नाही. किंमत ऐकून मात्र एजेकेंच्या भुवया जवळ आल्या.

“इतकं स्वस्त का?”

“मूठ वेडीवाकडी आहे म्हणून.”

“मूठ मी तासून घेईन हे तुला ठाऊक आहे. खरं सांग. कुठून आलं?”

“एका म्हाताऱ्याच्या पोरानं आणून दिलं. म्हातारा वारला.”

“कशानं वारला?”

“एजेके, पिस्तुलानं नाही. दम्यानं.”

त्यांनी पिशवीतून कपडे धुण्याच्या साबणाची तपकिरी वडी काढली आणि ती फळीला टेकवली. एक छर्रा लगेच मारला. मग हवा भरून पिस्तूल ठेवून दिले आणि दोन वाट्या चहा होईपर्यंत त्याच्याकडे टक लावून बसल्या. मग दुसरा छर्रा मारला. दोन्ही भोकांत आगकाडी घालून नखाने खूण केली. खोली सारखी होती. हवा गळत नव्हती. आणखी सहा छर्रे मारले. सगळ्यांत काडी तेवढीच आत गेली. वडी उलटीसुलटी करून त्यांनी तिचा वास घेतला.

“साबण तर तुमचाच आहे ना?” इसहार म्हणाला.

“माझा आहे म्हणूनच बघतेय. हल्ली साबणही तसा राहिला नाही.”

उरला चाप. ताठ करण्याआधी तो काठावर किती नेमका थांबतो हे बघायला त्यांनी बारीक पेचकसाने तो हलका हलका करीत आणला. आपले वजन फडक्यातून सोडवले, टांगले, नळी वर करून उचलले. चापाने धरले. स्क्रू केसभर फिरवून पुन्हा टांगले. धरले. आणखी केसभर फिरवताच खटका पडला. त्यांनी स्क्रू केसभर मागे फिरवला. आता चाप बरोबर काठावर होता. तीनदा टांगले, तिन्ही वेळा त्याने वजन पेलले.

“झालं,” इसहार म्हणाला. त्याने आपल्या तराजूचे अर्ध्या किलोचे वजन उचलले आणि त्याला सुतळीचा फास बांधला. “आता हेही टांगा.”

“ते कशाला?”

“तुम्ही सगळ्यांचं दोनदा बघता. मग तुमचं मी एकदा बघतो.”

त्यांनी ते टांगले, आणि खट् आवाज झाला. पुन्हा टांगले. पुन्हा खट्.

एजेकेंनी पिस्तूल खाली ठेवले. शेजारच्या दुकानातली माणसे एव्हाना बघायला येऊन उभी होती. “तुझं वजन खोटं आहे,” त्या म्हणाल्या. “जड आहे.”

इसहारला राग आला नाही. त्याला नवल वाटलेले दिसले. “एजेके, विकणाऱ्याचं वजन जड असतं का कुठं? मी खिळे विकतो. वजन जड ठेवलं, तर गिऱ्हाइकाला माल जास्त जाईल. खोटेपणा करायचा, तर हलकं नसतं का ठेवलं?”

“आणि मोडीचं पितळ विकत घेताना?”

बघे हसले. इसहारच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने एजेकेंची वाटी काठोकाठ भरली आणि दोन बोटांनी त्यांच्यापुढे सरकवली.

चहा तसाच ठेवून एजेके उठल्या. “तुझं वजन दे. औषधांच्या दुकानातल्या काट्यावर घालते. साक्षीदार आहे माझ्याजवळ.”

“न्या,” इसहार म्हणाला. “परत मात्र आणा. ते मी बापाकडून घेतलंय.”

रस्त्यात चिनारांखालचा बर्फ विरघळून चिखल झाला होता. अर्ध्या वाटेवर त्या थांबल्या. “तो विकतो जास्त का विकत घेतो जास्त?” त्यांनी मला विचारले. मी म्हणालो, विकतो जास्त, असं वाटतं. ते उत्तर त्यांना रुचले नाही हे त्यांच्या चालीवरून कळले.

मलमे अजूनही हाताने घोटून देणारे एकच दुकान आमच्या गावात उरले आहे, आणि त्याच्या मागच्या खोलीत पांढऱ्या डगल्यात झिपार काम करते. ती आता छत्तीस वर्षांची आहे. एजेकेंना पाहून तिने खुर्ची पुसली.

“बसायला आले नाही. एका लबाडाचं वजन मोजायचंय.”

“ठेवा काट्यावर.”

“मीच ठेवते. तू हात लावू नकोस.”

“नाही लावत, एजेके.”

इसहारचे वजन पाचशे एक ग्रॅम भरले. “बघ,” एजेके म्हणाल्या, “जड आहेच.” पण एक ग्रॅम म्हणजे काहीच नव्हे, हे त्यांनाही समजत होते. मग त्यांनी आपले वजन ठेवले. काट्यावर आकडे धावले आणि थांबले. चारशे सत्त्याऐंशी.

“काटा बिघडलाय.”

झिपारने मखमलीच्या डबीतून दुकानाची पितळी वजने काढली आणि चिमट्याने एकेक ठेवली. काटा बरोबर होता. एजेकेंनी आपले वजन उचलून डोक्यावरल्या रुमालाच्या कडेने पुसले आणि पुन्हा ठेवले. चारशे सत्त्याऐंशी. ते त्यांनी काट्याच्या कोपऱ्यात ठेवून पाहिले, मग श्वास रोखून पाहिले. खोलीत कापराचा वास होता. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

झिपारने खाली वाकून न शिवता वजनाकडे पाहिले. “हा हुक तांब्याच्या तारेचा आहे. मूळचा असाच होता का?”

“मूळचा पोलादी होता. जाड, मळसूत्री. फरशीवर पडून तुटला. मग मी ही तार बसवली.”

“कधी?”

एजेकेंनी बोटाने तार चाचपली. “तू सातवीत होतीस,” त्या म्हणाल्या.

झिपार पहिली येऊन बाद झाली, तेव्हा ती दहावीत होती. हा हिशेब तिघांनीही मनात केला, आणि तो करायला वेळ लागला नाही. वजनाचे पाचशे ग्रॅम हुकासकट मोजतात, हे नेमबाजीच्या वर्गात पहिल्या दिवशी सांगतात. ते सांगणाऱ्या एजेकेच होत्या.

झिपारने औषधाला बांधतात तसा वजनाला कागद बांधला. बोलली तेव्हा तिचा आवाज साधाच होता. “कापारोवांची बायको दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येते. एकोणीस वर्षांचं म्हणत नाही, पण मी इथं लागल्यापासून तिला रांगेत सगळ्यांच्या मागं ठेवते. गोळ्या असल्या तरी उद्या या म्हणते. ती येते दुसऱ्या दिवशी. एकदाही बोलली नाही.”

“मग आता तिला तिष्ठत ठेवू नकोस.”

“ते कळलं. पण आजवरचं?” ती म्हणाली. “ते तुम्ही तिला सांगा. मी कुठल्या तोंडानं सांगू? मला खोट्या वजनानं बाद केलं म्हणून तुम्ही सांगितलंत, मी मानलं. तुमचं म्हणणं मी कधी दोनदा बघितलं नाही, एजेके.”

या वाक्यावर एजेके खुर्चीवर बसल्या. बराच वेळ त्या हातातल्या पुडक्याचा अंदाज घेत राहिल्या, जणू हाताला तरी ते अर्धा किलो भरेल.

बाजारात परतलो, तेव्हा इसहार कुलपाला तेल घालत होता. त्याचे वजन एजेकेंनी फळीवर ठेवले. शेजारचे दोघे पुन्हा कान देऊन उभे राहिले, आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, “तुझं वजन खरं आहे. एक ग्रॅम जड आहे, पण तो मळ असेल.”

“आणि तुमचं?”

“माझं खोटं आहे.”

इसहारने भरलेली गार वाटी उचलून चहा रस्त्यावर ओतला आणि नवा ओतला. अर्धाच. एजेकेंनी त्याच्याच वजनावर चाप पुन्हा लावला, पिस्तूल विकत घेतले, आणि मुठीची लांबी नखाने उकरून पाहत म्हणाल्या, “म्हातारा खरंच दम्यानं वारला ना?”

रविवारी क्रीडागृहात तपासणीच्या टेबलापाशी मीही होतो. मला पुन्हा साक्षीदार म्हणून बोलावले होते. कापारोव आता बरेच वाकले आहेत, चष्मा दोरीने गळ्यात अडकवतात. अल्तीनायचे पिस्तूल त्यांनी उभे धरून त्याला वजन टांगले. चापाने ते उचलले. त्यांनी कागद पुढे सरकवला आणि दरवर्षीसारखी खालची ओळ लिहायला जागा सोडून बोट ठेवले.

एजेकेंनी कागदात बांधलेले पुडके टेबलावर ठेवले. “हे घ्या. मागितलं होतंत.”

“केव्हा?”

“एकोणीस वर्षांमागं.”

कापारोव यांनी पुडके उघडले नाही. “मोजलंय?”

“तेरा ग्रॅम कमी. हुक मी बदलला होता.”

“कोणी मोजलं?”

“झिपारनं. तिचा दोष नाही, तुमचाही नव्हता. आणि गोळ्यांचं जे झालं, त्याला मी जबाबदार आहे. तुमच्या बायकोला मी घरी येऊन सांगेन.”

“गोळ्यांचं काय झालं?” कापारोव म्हणाले.

म्हणजे बायकोने त्यांना कधी सांगितलेच नव्हते. एजेकेंनी ते तिथेच, रांगेतल्या मुलांसमोर, एकही गोष्ट न वगळता सांगितले. कापारोव शेवटी म्हणाले, “मला वाटायचं, ती दोन खेपा मुद्दाम घालते. घरात मी असतो म्हणून.”

मागे उभे असलेले एक पोरगे फिसकले, आणि एजेकेंनी मागे न बघता त्याच्याकडे बोट रोखले. मग लेखणी उचलली. सही करण्यापूर्वी त्या थांबल्या.

“तुमचं वजन कोणी मोजलंय?”

कापारोव यांनी खणातून शिक्क्याचा दाखला काढून दिला. एजेकेंनी तो दोन्ही बाजूंनी वाचला, उजेडाकडे धरला, तारीख पाहिली आणि परत दिला. मग त्यांनी सही केली. सहीखालची जागा यंदा कोरी राहिली.