पोहता येते का: हो

चाकणच्या एका कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. म्हणजे दिवसभर "हेल्मेट कुठाय?" असं विचारत फिरणारा आणि त्यामुळेच कँटीनमध्ये ज्याच्या टेबलावर कुणी बसत नाही, तो माणूस. माझा सगळा जीव कागदात. टाकीत उतरायचं, परमिट. उंचावर चढायचं, परमिट. प्रत्येक प्रश्नापुढे 'हो' किंवा 'नाही'वर खूण, खाली सही. चूक झालीच तर गिरगटायचं नाही. चुकीच्या शब्दावर एकच सरळ रेघ, शेजारी बरोबर शब्द, आपली सही आणि साक्षीला दुसऱ्याची सही.

मागे एका वेल्डरने टाकीतली हवा न तपासताच 'तपासली: हो' अशी खूण केली होती. मी त्याला तिथल्या तिथे चार दिवस घरी बसवलं. वर सगळ्या शिफ्टसमोर ऐकवलं, "भाऊ, कागदावर खोटं लिहिणारा माणूस दुसऱ्याचा जीव घेतो." हे वाक्य माझं मलाच इतकं आवडलं, की पुढे महिनाभर ते रोज सकाळच्या मीटिंगमध्ये वापरलं. घरी जेवतानाही दोन-तीनदा ऐकवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या गोष्टीत वेल्डर मी आहे.

आम्ही मूळचे निघोजेचे. आता थेरगावात फ्लॅट आहे. पण गाव इंद्रायणीकाठचं म्हटलं की याला पोहता येणारच, असं लोक धरून चालतात आणि मी कधी कुणाला अडवलं नाही. मुलगी लहान असताना जेवता जेवता गोष्ट मागायची. तेव्हा मी पुरात इंद्रायणी कशी पार केली ते सांगायचो. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पाणी कमरेएवढं होतं. ती पाचवीत जाईपर्यंत त्या पुरात एक म्हैस वाहत आली होती आणि मी तिला शेपटीला धरून काठाला लावली होती.

खरं असं, की मला पोहता येत नाही. नवव्या वर्षी वडिलांनी कमरेला दोर बांधून मला मळ्यातल्या विहिरीत सोडलं. आठ दिवस रोज सोडत होते. आता दोर काढू या म्हटलं की मी असा गळा काढायचो, की शेजारच्या वावरातली माणसं हातातलं काम टाकून धावत यायची. नवव्या दिवशी वडिलांनी तो दोर नेऊन गोठ्यात म्हशीला बांधला आणि विषय संपला. हे घरात फक्त आईला ठाऊक होतं. बायकोला नुसता संशय होता.

यंदा मुलीची दहावीची परीक्षा झाली आणि तिने तारकर्लीचा हट्ट धरला. समुद्र बघायचा आणि स्कूबा करायचं. थेरगावच्या तलावात ती चार वर्षं पोहते आहे, चांगली पोहते. आई, बायको, ती आणि मी असे चौघं गाडी काढून गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर पोचलो. समोर ते हलणारं, तळ नसलेलं पाणी बघून पोरीचा चेहरा उतरला. तलावाला चार भिंती असतात. इथे तर पलीकडचा काठच दिसत नव्हता.

"पप्पा, तुम्ही बरोबर उतरणार असाल तर मी उतरते," ती म्हणाली. "तुम्ही तर पुरात पोहलेले आहात. नाहीतर नकोच."

आई शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर शहाळं घेऊन बसली होती. तिने माझी बाही ओढली आणि हळूच म्हणाली, "आरं, तुला कुठं येतंया पव्हाया?"

"आई, तू जरा गप्प बस."

"मी गप्पच हाय. इतकी वरसं गप्पच हाय."

तेवढ्यात फॉर्म आले. वय काय, दमा आहे का, ब्लडप्रेशर आहे का, सगळं खरं खरं लिहिलं. मग प्रश्न आला: पोहता येते का? पोरगी माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून वाचत होती. मी 'हो'वर खूण केली. सुबक केली. पेनाचं टोक कागदाबाहेर जाऊ दिलं नाही.

गाइड माझ्याच वयाचा, उन्हाने रापलेला मालवणी माणूस होता. त्याने दोघांचे फॉर्म बघितले. "दोघांनाही येता? बरा झाला. आज गर्दी आसा. पोहता न येणाऱ्याक एकेक माणूस द्यावो लागता. तुम्ही दोघांय माझ्याबरोबर चला."

तिथे बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की राव, थांबा, माझं चुकलं. पण मुलगी माझ्याकडे बघून हसत होती, आणि तिच्यासमोर त्या म्हशीची शेपटी सोडणं मला जमलं नाही.

बोटीत बसल्यावर अंगात मुरलेली सवय उफाळून आली. सिलिंडर, नळ्या, जाकिटं सगळं मी तपासलं. नांगराच्या दोराची गाठ सैल आहे, हे बोटवाल्याला दाखवून दिलं. गाइडने विचारलं, "साहेब, नेव्हीत होतात काय?" मी नुसता हसलो. नाही म्हणालो नाही. पोरीच्या चेहऱ्यावर माझा केवढा अभिमान होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

पाण्यात उतरून तिघांनी नांगराचा दोर धरला. नळी दातात धरायची आणि तोंडाने श्वास घ्यायचा, एवढं एकच काम होतं. सेहेचाळीस वर्षं मी श्वास घेतो आहे, रात्री झोपेतसुद्धा घेतो. पण पाण्याखाली डोकं गेलं आणि तो कसा घेतात हेच मी विसरलो. खाली बघितलं तर तो दोर हिरव्या काळोखात उतरत गेलेला. मला सरळ आमची विहीर दिसली. फरक एवढाच, की या वेळी कमरेला काही बांधलेलं नव्हतं आणि वर वडील नव्हते.

पोरीचा मास्क नीट करायला गाइडने माझा दंड क्षणभर सोडला. मी त्याच्या खांद्यावर चढलो. अक्षरशः चढलो. एक पाय त्याच्या कमरेवर, हात गळ्यात, त्याचा मास्क माझ्या मुठीत. बिचाऱ्याला तिला सोडून दोन्ही हातांनी मला धरावं लागलं आणि ओढत शिडीपर्यंत न्यावं लागलं.

शिडीला मिठी मारून मी मागे बघितलं. भर समुद्रात, पाठीवर सिलिंडर घेऊन, माझी मुलगी एकटीच दोर धरून तरंगत होती. लाटेबरोबर वर जात होती, खाली जात होती आणि माझ्याकडे बघत होती. दोन मिनिटं असतील. तेवढ्यात माझी पाचावर धारण बसली, आणि ती माझ्यासाठी नव्हती. तिला काही झालं असतं, तर ते समुद्राने केलं नसतं, माझ्या त्या सुबक खुणेने केलं असतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

गाइड तिच्याकडे परतला. त्याने काहीतरी विचारलं, तिने मान हलवली आणि ती खाली गेली. माझ्याशिवाय गेली.

आमच्याकडे टाकीत माणूस उतरला की टाकीच्या तोंडाशी दुसरा बसवतात. आतला बाहेर येईपर्यंत त्याने हलायचं नाही. मी नांगराचा दोर दोन्ही हातांनी धरून बोटीत बसलो. "साहेब, तो दोर नांगराचो. पोरगी त्या बाजूक गेली," असं बोटवाल्याने मला दोनदा सांगितलं. मी दोर सोडला नाही. ती वर आली तेव्हा माझ्या तळहातांना वळ उठले होते.

माशांबद्दल, पोवळ्यांबद्दल ती भरभरून बोलली, पण बोटवाल्याशी. किनाऱ्यावर आल्यावर मी फॉर्मच्या टेबलापाशी गेलो आणि माझा फॉर्म परत मागितला. 'हो'वर एक सरळ रेघ मारली. शेजारी 'नाही' लिहिलं, सही केली. मग पेन मुलीपुढे धरलं. टेबलावरचा माणूस म्हणाला, "आता कशाला? झालं की सगळं."

तिने वाचलं. "म्हणजे इंद्रायणी?"

"काठावर बसायचो."

"आणि म्हैस?"

"म्हैस होती. गोठ्यात."

"म्हशीला येत हुतं पव्हाया," आई म्हणाली.

बायको पदर तोंडाला लावून हसली. मुलगी हसली नाही. "पप्पा, मी तुमच्या भरवशावर उतरले होते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मग तिने साक्षीदार म्हणून सही केली, खाली तारीख घातली आणि विचारलं, "त्या वेल्डरला तुम्ही किती दिवस घरी बसवलं होतं?"

"चार."

"मग चार दिवस माझ्याशी बोलू नका."

तिने ते पाळलं. घाट चढताना, कोल्हापूरला जेवताना, घरी आल्यावर एकाच टीव्हीसमोर बसून. मी एकदा रिमोट मागितला तर तो तिने आजीच्या हातून पाठवला. आई तिच्या बाजूची होती, बायको अर्थातच. सोमवारी कारखान्यात मीटिंग घेतली तेव्हा तो वेल्डर पुढच्याच रांगेत उभा होता. माझं ते लाडकं वाक्य घशाशी आलं आणि तिथेच राहिलं.

पाचव्या दिवशी सकाळी मी चहा घेत होतो. तिने माझ्यापुढे एक कागद ठेवला. थेरगावच्या तलावाचा, नवशिक्यांच्या बॅचचा फॉर्म. माझं नाव, वय, पत्ता सगळं तिने स्वतःच्या अक्षरात भरलं होतं. 'पोहता येते का?' हा एकच रकाना कोरा ठेवला होता.

"तो तुम्ही भरा," ती म्हणाली, आणि पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं.