आत्या शेवटचं पान आधी वाचायची

कुठलंही पुस्तक हातात आलं की कादंबरीआत्या आधी त्याचं शेवटचं पान उघडायची. वाचनालयाच्या काउंटरशी उभ्याउभ्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, ओठ हलवत ती शेवट वाचायची आणि मगच ठरवायची, पुस्तक घरी न्यायचं की तिथल्या तिथे परत करायचं. वाचनालयाचे काका तापट. ते ओरडायचे, "अहो बाई, खुनी कोण ते आधीच कळलं तर मग वाचायचं कशाला?" आत्या पुस्तक मिटून शांतपणे म्हणायची, "माझ्याकडे पंगत बसते, काका. मीठ बघितल्याशिवाय मी कुणाला वाढत नाही."

पंगत म्हणजे आमच्या वसाहतीतल्या बायका. सत्तरच्या दशकाच्या मध्याला मी लग्न होऊन येवल्याहून नाशिकरोडला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ही पंगत पाहिली. पुरुषमाणसं रेल्वेत नाहीतर कारखान्यात. बायका घरी विड्या वळायच्या. दुपारची जेवणं आटोपली की मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि तेंदूची कापलेली पानं घेऊन सगळ्याजणी बुद्धविहाराच्या ओट्यावर सावलीला जमायच्या. मध्यभागी आत्या. तिच्या मांडीवर मात्र सूप नाही, कादंबरी. ती मोठ्यानं वाचायची, बाकीच्या ऐकत ऐकत वळायच्या, आणि उठताना प्रत्येकजण आपल्यातल्या मूठभर विड्या आत्याच्या टोपलीत टाकायची. आत्याची त्या दिवसाची वळणी अशी भरायची. हा रिवाज कुणी घातला, कुणालाच माहीत नव्हतं.

ती कुणाचीच सख्खी आत्या नव्हती. माझ्या सासऱ्यांनी तिला बहीण मानलेलं, म्हणून माझ्या नवऱ्याची आत्या, म्हणून अख्ख्या वसाहतीची. लवकर विधवा झालेली, मूलबाळ नाही, सातवी पास. त्या ओट्यावर तिच्याखेरीज धड वाचता येणारी बाई नव्हती. मग मी आले. मी मॅट्रिक. आणि मॅट्रिकचा ताठा काय असतो म्हणून सांगू! मला वाटलं, ह्या बाईंना साहित्यातलं काय कळतंय? भुतांच्या गोष्टी, गुप्तहेर, वाघांच्या शिकारी, चंबळच्या दरोडेखोरांच्या खऱ्या हकीकती, आणि दर पानाला रडणाऱ्या नायिका. मी नाक मुरडलं. आत्यानं ते पाहिलं. "ये, येवल्याची," ती म्हणाली. "नाक मुरडायला पण आधी ऐकावं लागतं." तिनं शेवटपर्यंत मला नावानं हाक मारली नाही. येवल्याचीच म्हणाली.

ऐकायला बसले आणि फसले. आत्या वाचायची म्हणजे नुसती वाचायची नाही. दरोडेखोराचं बोलणं आलं की तिचा आवाज खर्जात जायचा, इन्स्पेक्टर आला की मान ताठ व्हायची. बायकाही गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. "त्या मुडद्याला सांग ना कुणीतरी, माळ्यानंच इख घातलंय!" "अगं थांब की, मला आधीच ठावं होतं, त्याची नजर लय वाईट हाय." नायिका सलग तीन पानं रडली की आत्या स्वतःच पुस्तक खाली ठेवायची. "हिला घरात काही काम नाही का गं?" मग हशा. भुताच्या गोष्टींचा तिचा नियम ठरलेला. त्या भर उन्हाळ्यात, कडक दुपारीच. "भुताला पण जरा घाम फुटू दे," म्हणायची.

शेवट आधी वाचण्यातली मेख मला हळूहळू उमगली. ओट्यावर कुणी गरोदर असली की भुतं बंद. एकीचा दीर मारामारीत आत गेला, तर त्या महिन्यात एकही पोलिसी कथा नाही, नुसत्या वाघांच्या शिकारी. एकीच्या मुलीचं लग्न मोडलं, तेव्हा आत्यानं आणलेल्या कादंबरीतली मुलगी शेवटी नर्स होऊन स्वतःच्या पायावर उभी राहिली. बाई पुस्तक निवडायची ती पंगतीतल्या एकेकीचं पथ्य बघून. मी एकदा विचारलं, "आत्या, तुम्हाला स्वतःला कुठली आवडते? खरी की बनवलेली?" ती म्हणाली, "खरी गोष्ट अर्धीच राहते गं. त्यातली माणसं मध्येच उठून जातात. बनवलेल्या गोष्टीत निदान शेवटी भेटतात तरी."

हे ती कुणाकडे बघून म्हणाली, ते मला तेव्हा कळायला हवं होतं. समोर सरूबाई बसलेली होती.

सरूबाई सगळ्यात भरभर विड्या वळायची आणि सगळ्यात कमी बोलायची. तिचा मुलगा सुरेश मॅट्रिकला दुसऱ्यांदा नापास झाला, तेव्हा ती रागाच्या भरात बोलून गेली होती, "पुन्हा तोंड दाखवू नको." तो संध्याकाळी स्टेशनावर भुसावळकडच्या गाडीत चढताना कुणीतरी पाहिला. त्यानंतर काही नाही. ना पत्र, ना निरोप. "मी म्हणाले तोंड दाखवू नको, त्यानं खरंच नाय दाखवलं," एवढंच ती सांगायची, आणि पुढचं पान उचलायची.

एकदा मी आत्याच्या खोलीवर गेले होते. ती स्टोव्ह पेटवत होती आणि आदल्याच दिवशी ओट्यावर संपलेली कादंबरी फळीवर दिसली. कोकणातल्या एका म्हातारीचा मुलगा बोटीवर कामाला जातो आणि बोट बुडते, अशी गोष्ट. आत्यानं वाचलं होतं की शेवटी एका पहाटे तो अंगणात उभा राहतो, दाढी वाढलेली, आणि म्हातारी त्याला आधी ओळखतच नाही. सगळ्यांनी पदर डोळ्यांना लावले होते. मी सहज चाळायला घेतली. शेवटच्या पानावर मुलगा नव्हताच. अंगणही नव्हतं. मी मागे पुढे करून पाहिलं. मुलगा आलाच नव्हता.

"आत्या, हे काय? ह्यात तर तो येतच नाही!"

आत्यानं स्टोव्हला दोन पंप मारले. मग म्हणाली, "लिहिणाऱ्याला काय माहीत, आपल्याकडे सरू ऐकायला बसते ते?"

मी एकेक गोष्ट आठवत गेले. सुरेश गेल्यापासून आत्याच्या कुठल्याच पुस्तकातला माणूस हरवलेला राहिला नव्हता. युद्धावर गेलेले परत आले, जत्रेत चुकलेले सापडले, जंगलात वाघानं ओढून नेलेला हाकारा देणारासुद्धा जखमी होऊन का होईना घरी पोचला. जमेल तिथे तिनं तसली पुस्तकंच टाळली, आणि नाही टाळता आली तिथे शेवट स्वतःच्या पदरचा घातला. तो ताठा माझा त्या दिवशी उतरला. उतरला तो पुन्हा चढला नाही.

पण मायेलाही कधीकधी उलट फळ येतं. सरूबाईला खोकला लागला. तंबाखूच्या धुळीनं, डॉक्टर म्हणाले. विड्या बंद करा, हवा बदला, नाहीतर पुढचं मी सांगत नाही. तिची मुलगी कुसुम पिंपळगाव बसवंतला दिलेली, जावई कांद्याच्या मार्केटात. कुसुम दोनदा न्यायला आली, दोनदा रिकाम्या हातानं परत गेली. तिसऱ्यांदा ती ओट्यावरच आली आणि सगळ्यांसमोर रडायला लागली. "बाय, खोकून खोकून मरशील इथं. चल ना गं."

सरूबाई हातातली विडी पुरी करून म्हणाली, "मी गेले आन् तो आला तर? दाराला कुलूप बघून आल्या पावली परत जाईल. आत्याच्या गोष्टीत सगळे येतेत. माझाच काय नाय यायचा?"

मी आत्याकडे पाहिलं. तिनं पुस्तक मिटलं होतं. त्या दिवशी तिनं पुढे वाचलं नाही. डोकं दुखतंय म्हणाली. कुसुमला मात्र "दोन दिवस माझ्याकडे राहा" म्हणून ठेवून घेतलं.

दुसऱ्या दुपारी आत्या ओट्यावर आली ती तीच बोटीची कादंबरी घेऊन. बसली. चष्मा पुसला, पुन्हा पुसला. बायका कुजबुजायला लागल्या, "ही तर झाली ना वाचून?" आत्याचा आवाज, जो दरोडेखोराच्या तोंडून गर्जायचा, तो इतका बारीक निघाला की मागच्यांना पुढे सरकावं लागलं. "सरू," ती म्हणाली, "मी तुला फसवलं गं. ह्या पुस्तकात तो पोरगा येत नाही. मी माझ्या मनानं आणला. ह्यातच नाही, लय पुस्तकांत आणला."

कुणाचाच हात हलेना. मला वाटलं, आता सरूबाई उठून जाणार, नाहीतर शिव्या देणार. दिल्या असत्या तरी कुणी तिला बोल लावला नसता.

सरूबाईनं सूप बाजूला ठेवलं. "मला ठावं होतं," ती म्हणाली.

"ठावं होतं?"

"मला वाचता येत नाय आत्या, पण डोळे हायेत. शेवटाला आलं का तुझं तोंड चालू राहायचं आन् हात थांबायचा. तू पान उलटायचीच नाय. न उलटता कुठं गोष्ट पुढं जाती व्हय?"

"मग बोलली का नाहीस, बये?"

"तुझा सुद्धा जीव लागला होता त्याच्यावर. तूच त्याला अआइई शिकवलं. मला वाटलं, तुला बरं वाटू राहिलं, तर वाटू दे."

आत्या लहान मुलासारखी रडली. आम्ही सगळ्याच रडलो, कशाला खोटं सांगू. दोघीजणी इतकी वर्षं एकमेकींना जपत होत्या आणि त्या जपण्यात बिचाऱ्या कुसुमची आई खोकत होती. मग सरूबाईनंच डोळे पुसले आणि म्हणाली, "आता वाच. हाय तसं वाच."

आत्यानं पान उलटलं आणि वाचलं. पुस्तकातली म्हातारी रोज दोन ताटं वाढत असते. शेवटच्या पानावर ती मुलाचं ताट धुते, पुसून फळीवर ठेवते आणि स्वतःच्या ताटाशी बसते. एवढंच.

"जेवली ना ती?" सरूबाईनं विचारलं.

"जेवली."

"मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती कुसुमबरोबर पिंपळगावला गेली. आत्यानं सरूबाईच्या खोलीच्या दाराशेजारी, भिंतीवर, गेरूनं मोठ्या अक्षरांत कुसुमचा पत्ता लिहिला. वर लिहिलं, "सुरेश, आई इथे आहे." नवे भाडेकरू दर दिवाळीला भिंत रंगवायचे आणि आत्या दर दिवाळीला गेरू कालवून पुन्हा लिहायची. त्यांनी कधी हरकत घेतली नाही. सुरेश आला नाही. सरूबाई मात्र पिंपळगावच्या हवेत चांगली सुधारली, नातवंडं खेळवली, द्राक्षांच्या दिवसांत आम्हाला पेटी पाठवायची. तिला जाऊन आज बराच काळ झाला, पण ती खोकत खोकत आमच्या ओट्यावर गेली नाही, ह्याचं श्रेय मी आत्यालाच देते.

ऐंशीच्या दशकात टीव्ही आले आणि पंगत विरळ झाली. आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन झालं, पण ते काही साधलं नाही. मग छातीचं दुखणं निघालं. मी दुपारी तिच्याकडे जाऊन वाचायचे. पुस्तक मीच निवडायचे, आणि काउंटरशी उभी राहून आधी शेवटचं पान वाचायचे. आता काका मला ओरडायचे. "त्या बाईंनी तुम्हाला पण नासवलं का, वहिनी?"

त्या हिवाळ्यात माझी चूक झाली. म्हणजे शेवट मी पाहिला होता, पण पुस्तक इतकं गोड होतं की सोडवेना. सटाण्याकडचा एक म्हातारा मास्तर, एकटा, मिश्किल, अगदी आत्याच्या तालावरचा. ती खुदुखुदु हसत ऐकायची. पुस्तक दहाबारा दुपारी पुरलं. आणि मग शेवट आला. मास्तर आजारी पडतो, खाटेवर पडून खिडकीतून मुलांचा गलका ऐकतो, असं एका पानाच्या तळाशी होतं. पुढे काय ते मला माहीत होतं. समोर खाटेवर आत्या, डोळे मिटलेले, घशात बारीक घरघर.

मी थांबले नाही. मी म्हटलं, सकाळी मास्तरांचा ताप उतरला. त्यांनी ऊन पाणी मागितलं, दाढी केली. नात आली होती. तिच्याबरोबर ते एसटीत बसले, खिडकीपाशी, आणि...

आत्यानं डोळे उघडले नाहीत. नुसता हात पुढे केला आणि चाचपडत माझ्या मनगटावर ठेवला.

"पान उलट, येवल्याची."

मी उलटलं. जे होतं ते वाचलं. रडत वाचलं, पण एक शब्द गाळला नाही. संपल्यावर आत्यानं माझ्या मनगटावरचा हात काढून घेतला. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "मीठ बरोबर पडलंय."

त्यानंतर चारसहा दिवसांत ती गेली. पुढच्या आठवड्यात मी ते पुस्तक परत करायला गेले. काकांनी नोंद केली. सवयीनं मी कपाटातलं एक नवं पुस्तक काढलं, काउंटरशी उभी राहिले आणि शेवटचं पान उघडलं. काका ओरडतील म्हणून वाट पाहिली. ते ओरडले नाहीत. आणि मी तशीच उघडं पान धरून उभी, शेवट कुणासाठी बघायचा तेच कळेना.